परवचा आणि पगार

पाढ्यांवर बोलावयास एखाद्या गणिताच्या प्राध्यापकास बोलावणे अधिक योग्य झाले असते. माझे शाळेतले गणित लवकर सुटले. पुढचे सारे विडी कामगारांच्या पासबुकांवर, यंत्रमागाच्या मजुरीच्या चिठ्ठ्यांवर आणि मालकांशी झालेल्या वाटाघाटींत झाले. तथापि हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. मुलांना घरी पाढे कसे शिकवावे, असा प्रश्न आमच्या वस्तीतले आईबाप मला हल्ली वारंवार विचारतात. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की घरी पाढे शिकविण्याची एक जुनी रीत आपल्याकडे होती, तिचा इतिहास फार मोठा आहे, आणि त्या इतिहासात आमच्यासारख्यांची घरे जवळजवळ नाहीत. ती का नाहीत, आणि पुढे कशी आली, हे आज सांगावयाचे आहे.

जुनी रीत म्हणजे परवचा. आपल्यापैकी वडील मंडळींनी तो म्हटला असेल किंवा निदान ऐकला असेल. दिवेलागण झाली, शुभंकरोती म्हणून झाली, की मुलांनी भिंतीशी ओळीने बसावयाचे आणि मोठ्याने पाढे म्हणावयाचे. बे एके बे पासून निघालेली गाडी तिसाच्या पाढ्यापर्यंत जाई. आजोबा जपमाळ ओढीत बसलेले असत. त्यांचे डोळे मिटलेले, पण सतरा साते चुकले की डोळे उघडत. या पहिल्याच 'बे' ची मौज पाहा. मराठीत आपण दोन म्हणतो. बे हा शब्द आपल्या बेचाळिसात आणि पाढ्यात तेवढा जपून राहिला आहे, तर शेजारी गुजरातीत दोनाला आजही बे असेच म्हणतात. पाढा हा असा जुना ऐवज आहे. बोलण्यातून शब्द गेले तरी म्हणण्यातून ते जात नाहीत.

पुऱ्या आकड्यांचे पाढे झाले म्हणजे खरा परवचा सुरू होई. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा; मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. आजच्या मुलास हे ऐकून घाम फुटेल. अपूर्णांकांचे पाढे पाठ करावयाचे कशाला? उत्तर त्या काळच्या नाण्यांत आणि मापांत आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, चाळीस शेरांचा बंगाली मण. या साऱ्या जगात निम्मे, पाव, अर्धपाव असेच तुकडे पडत. सव्वा रुपया शेराने सात शेर तूप घेतले तर किती, हे सवायकी येणाऱ्याच्या ओठांवर असे: पावणेनऊ. कागद नको, पेन्सिल नको. दुकानदाराने तागडी खाली ठेवावयाच्या आत हिशेब झालेला असे.

हे सोळाचे नाते फार जुने आहे. भास्कराचार्यांनी सन 1150 च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, तिच्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. आपल्या चाळीसगावाजवळच्या पाटणे येथे 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढल्याचे त्यात म्हटले आहे. विधवा झालेल्या लेकीच्या समाधानासाठी बापाने हा ग्रंथ रचला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिचा आधार मात्र अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात मिळतो, म्हणजे ग्रंथ झाल्यावर चारशे वर्षांहून अधिक काळाने. कथा खरी असो वा नसो, घरी बसून लेकीला गणित सांगणारा बाप लोकांना आवडला आणि त्यांनी तो जपला, एवढे खरे.

आता प्रश्न असा की परवचा कोणाच्या घरी होई? कुलकर्ण्याच्या घरी, वाण्याच्या घरी, सराफाच्या, सावकाराच्या घरी. ज्याच्या घरी खतावणी, त्याच्या घरी परवचा. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अंक गिरवीत, आणि पंतोजीचा निर्वाह मुलांच्या पालकांनी दिलेल्या पैशावर व धान्यावर चाले. ज्याला देता येई त्याचा मुलगा बसे. इंग्रजी अंमल आल्यावर 1820 च्या दशकात मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने काम सुरू केले आणि जॉर्ज जर्व्हिस या इंजिनियर अधिकाऱ्याने मराठीतून गणिताची पुस्तके तयार केली. पुस्तके आली, तरी ती घेणारी घरे बहुतेक तीच राहिली. मुलीही या ओळीत क्वचितच बसत. त्यांनी ऐकून ऐकून जे उचलले ते उचलले.

आणि कष्टकऱ्याचे मूल दिवेलागणीला कोठे होते? आपल्या सोलापूरचेच उत्तर देतो. 1877 मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली; तीच आपली जुनी मिल. तो दुष्काळाचा काळ होता. खेड्यापाड्यांतून माणसे शहराकडे येत होती. त्यानंतर चार वर्षांनी, 1881 मध्ये, देशातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने काय दिले? सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये! 1891 मध्ये किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सात झाले. 1922 मध्ये किमान वय बारा आणि पंधरापर्यंतच्या मुलांचे तास सहा. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्याचे दार पुरते बंद झाले ते 1948 च्या कायद्याने. म्हणजे दोन पिढ्या अशा गेल्या, की वाण्याचा मुलगा दिव्याखाली सवायकी म्हणत होता त्या वेळी गिरणकामगाराचा मुलगा सुताच्या धुळीने भरलेले अंग घेऊन झोपी गेला होता.

पुढे या दोघांची गाठ पडे ती पगाराच्या दिवशी. गिरणीच्या फाटकाबाहेर सावकार उभा असे. व्याजाचा दर बोलावयाचा तर रुपयास महिन्याला एक आणा. ऐकायला किती थोडे वाटते! एक आणा म्हणजे काय? दहा रुपये घेतले तर महिन्याला दहा आणे. बारा महिन्यांचे एकशेवीस आणे, म्हणजे साडेसात रुपये. आणि मुद्दलाचे दहा तसेच उभे. शेकडा 75 चा हा दर, पण तो शेकड्यात कोणी बोलत नसे. सरकारने 1929 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात गिरणगावांतील मजुरांच्या कर्जाचे हे चित्र मांडले, आणि त्यातूनच 1936 चा पगारवाटपाचा कायदा निघाला. त्या कायद्याने दंडाला मर्यादा घातली: रुपयामागे अर्धा आणा. वीस रुपये पगाराच्या माणसाचा दंड दहा आण्यांच्या वर जाता कामा नये. पुढे त्या जागी शेकडा 3 आले. कायदा चांगला होता. पण ज्याला निमकी येत नाही त्याने आपल्या पगारातून बारा आणे कापले गेले की दहा, हे कसे ओळखावे? कायदा पुस्तकात होता, आणि निमकी दुसऱ्याच्या घरी.

जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगितले आहे. त्यात मोडी व बाळबोध लिहिणेवाचणे यांच्या जोडीला हिशेब आहे. मोडी आणि हिशेब! शेतकऱ्याचे कर्जरोखे मोडीत असत आणि व्याज आण्यात. ज्या हत्यारांनी तो बुडत होता तीच त्याच्या मुलाच्या हाती द्या, अशी ती मागणी होती. सोलापुरापुरते सांगावयाचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ज्या मुलांच्या घरी अभ्यासाला ना जागा, ना दिवा, ना शिकलेले माणूस, त्यांना रात्री एकत्र बसता येईल असे ते घर होते. परवच्याचा इतिहास लिहिणारे या वसतिगृहाचा उल्लेख करीत नाहीत. मला तो केल्याशिवाय राहवत नाही.

मग 1957 चा एप्रिल उजाडला. एक तारखेपासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले; पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने येऊ लागला. आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात; पाव पैशाचे नाणे नाही; म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19 आणि चार आण्यांचे 25 असे ठरले. यात एक खोच होती, ती नगावर मजुरी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावयाची होती. दोन आण्यांप्रमाणे आठ नगांचा पूर्वी एक रुपया होई. आता दर नगाला 12 लावले तर आठांचे 96 च भरतात. चार नये पैसे गेले. तेच आठ नगांची मजुरी आधी आण्यांत मिळवून मग एकदम बदलली, तर शंभरचे शंभर. बेरीज आधी की बदल आधी, एवढाच फरक. असल्या ठिकाणी पोट भरण्याचे गणित अडते. ते काही मोठे अवघड नसते.

आणे गेले तशी पाऊणकी, औटकीही घरांतून गेली. पुष्कळ जुनी मंडळी त्यावर हळहळतात. मी फारसा हळहळत नाही. दशमान पद्धतीने गरिबाचा हिशेब सोपा केला, हे मान्य केले पाहिजे. पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी एवढ्या पाच टाकून देणे ही चूक झाली. आपल्या तोंडून आणे गेले, सव्वा आणि दीड गेले नाहीत. बाजारात आजही पावकिलो मिरची घेतात, सव्वाशे रुपयांचा टॉवेल असतो, दीडशेची चादर असते, अडीचशेचे जेवण असते. पाचवीतल्या मुलास 'अडीचशे म्हणजे किती' असे विचारून पाहा. पुष्कळ मुले बोटे मोजू लागतात.

येथवर मराठी घरांची गोष्ट झाली. पण सोलापुरात निम्मी घरे संध्याकाळी दुसऱ्याच भाषेत मोजतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू आहे, कसब्यातल्या कितीतरी घरांत कन्नड आहे. आणि अंकांच्या बाबतीत या दोन्ही भाषा मराठीहून सरळ आहेत. एकवीस म्हणताना आपण एक आधी उच्चारतो आणि वीस मागून, आणि लिहिताना मात्र 2 आधी व 1 मागून. तेलुगूत इरवै ओकटि, म्हणजे वीस-एक. कन्नडात इप्पत्तोंदु, तेही वीस-एक. एकोणतीस तर आणखी वाकडा, त्यात तीसही आला आणि उणे एकही आला. तेलुगू मूल सरळ इरवै तोम्मिदि, वीस-नऊ म्हणते. शाळेत गेल्यावर या मुलांनी त्रेसष्ट ऐकून 36 लिहिले, तर त्यांना मठ्ठ म्हणणाऱ्याने आधी स्वतःची भाषा तपासावी.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, तो आपणांस आठवत असेल. विधिमंडळापर्यंत विनोद झाले. मुलांचा, विशेषतः जोडाक्षरांपाशी अडणाऱ्यांचा, गोंधळ कमी व्हावा हा विचार गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे मांडला; ऐकणारे थोडे होते. (त्या 2023 मध्ये निवर्तल्या.) माझे मत विचाराल तर त्यांचे म्हणणे सोलापुराला परके वाटावयास नको होते, येथली हजारो मुले घरी तसेच मोजतात. मात्र एक गोष्ट मला सोडवत नाही. पाढ्याची लय जुन्या नावांवर उभी आहे. 'सात आठे छप्पन्न' जिभेवर बसते तसे 'पन्नास सहा' बसणार नाही. आणि बसचा कंडक्टर, भाजीवाली, मुनीम हे सारे छप्पन्नच म्हणणार. तेव्हा अंकाची जागा कळावी म्हणून वीस-एक म्हणू द्यावे, आणि पाढ्यासाठी व बाजारासाठी एकवीस शिकवावे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलास दोन नावे जड होत नाहीत. मोठ्यांनाच ती जड होतात.

आता आईबापांच्या प्रश्नाकडे येतो. आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय शिकविणार, असे म्हणणाऱ्या बाईच्या मांडीवर विडीचे सूप असते. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचे हजार. चार जुड्या झाल्या की शंभर, हे तिला कोणी शिकविलेले नाही. तिच्याजवळ पंचविसाचा पाढा आहे. तो पाढा आहे हे तिला ठाऊक नाही, एवढेच. तिने जुड्या मांडाव्या आणि मुलाने म्हणावे. तीन ओळींत चार-चार मांडल्या तरी बारा, आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले तर चार ओळींत तीन-तीन, तरी बाराच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाचे निम्मे काम संपते.

निम्मे म्हणतो ते मोजून म्हणतो. एकापासून दहापर्यंतच्या पाढ्यांचे कोष्टक मांडा. शंभर घरे होतात. सात आठे आणि आठ साते एकच, हे कळले की पंचावन्न उरतात. जुन्या परवच्यात हे कोणी सांगत नसे. ती दोन वेगळी गाणी म्हणून पाठ होत. आता त्यांतून एकाचे, दोनाचे, पाचाचे आणि दहाचे पाढे काढा, कारण ते मुलास बहुधा येतातच. उरतात अवघी एकवीस घरे. ती मी एका पुठ्ठ्यावर लिहून आईबापांना दाखवितो. तिसाच्या पाढ्यापर्यंतचा डोंगर पाहून घाबरलेला बाप ही एकवीस घरे पाहून हसतो. त्यांतलीही नवाची सहा घरे फसवी सोपी आहेत: दहापट करून एकदा वजा करा. चाराचा पाढा म्हणजे दोनाची दुप्पट, आठाचा म्हणजे चाराची दुप्पट. खरा झगडा सहा साते, सहा आठे, सात आठे असल्या चार-दोन घरांशी राहतो.

रोज पाच मिनिटे पुरेत, पण रोज. एका दिवशी दोन नवी घरे, बाकी जुनी. ओळीने म्हणवून घेऊन थांबू नये. मधूनच विचारावे, कारण बाजारात कोणी ओळीने विचारीत नाही. सात आठे विचारल्यावर जे मूल सात एके सातपासून निघून छप्पन्नापर्यंत येते, त्याला गाणे येते आणि पाढा अजून यावयाचा आहे. चुकले तर मारू नये, ओरडू नये. बरोबर उत्तर सांगून टाकावे, पाणी आणावयास पाठवावे, आल्यावर तेच पुन्हा विचारावे, उद्या विचारावे, आणि चार दिवसांनी विसरल्यासारखे करून पुन्हा विचारावे. पंतोजीच्या छडीने पाढे आले असतील, पण गणिताची भीतीही तिनेच घराघरांत नेऊन ठेवली. आणि कधी मुलानेच आईला विचारावे. आईने जुड्यांवर मोजून उत्तर द्यावे, मुलाने ते तपासावे. आई चुकली की मुलाला जो आनंद होतो, तो शंभर शाबासक्यांनी होत नाही.

फोनमध्ये हिशेबाचे यंत्र आहे, मग हा खटाटोप कशाला, असे तरुण मंडळी म्हणतात. फोन खोटा हिशेब करीत नाही, हे कबूल. पण त्यात कोणते आकडे घालावयाचे हे फोन सांगत नाही. आणि मुनीम भराभर लिहीत असतो तेव्हा फोन कमरेच्या पिशवीत असतो. विडीत 'छाट' म्हणून एक प्रकार आहे: खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्या. 1966 च्या विडी कामगार कायद्याने या छाटीवरून होणाऱ्या तंट्यांची दखल घेतली होती. तरी हजारामागे साठ विड्या काढल्या तर त्या क्षणी बाईला काही वाटत नाही. साठ पंचवीस दीड हजार. पंचवीस दिवसांच्या महिन्यात तिची दीड दिवसाची मजुरी गेली, हे तेथेच, काउंटरपाशी, मनात उमटावयास हवे. घरी येऊन उमटले तर उपयोग नाही, कारण तोवर विड्या गेलेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या वर्गाला एक पाचवीतली मुलगी येत असे. घरी तेलुगू, शाळेत मराठी. एकदा ती आईबरोबर विड्या द्यावयास गेली. आईने चाळीस जुड्या दिल्या; मुनीमाने साडेनऊशे लिहिले आणि पासबुक सरकवून दिले. मुलगी पुस्तक वाचीत उभी राहिली आणि आईला तेलुगूत म्हणाली, अम्मा, यांनी अडतीसच जुड्या धरल्या. मुनीमाला तेलुगू कळत होते. तो म्हणाला, तुला कसे कळले? तिने सांगितले, अडतीस पंचवीस साडेनऊशे. मागे रांगेतल्या दोघी बायांनी आपापली पासबुके उघडली. मुनीमाने जुड्या पुन्हा मोजल्या, चाळीस भरल्या, आकडा खोडून हजार केला. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी रांगेत दिसली की तो जुड्या मोठ्याने मोजू लागला.